तलवारीवरचा अंगठा

ती. पुतळाआत्याला हरेशचा बेलापूरहून साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, जासईची मंडळी आणि विशेषतः तुझा उजवा अंगठा खुशाल असावा. (अंगठ्याची चौकशी का, ते पुढे येईल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.)

आमच्या वरच्या मजल्यावरच्या दिनानाथकाकांची जपानी तलवार तुला आठवत असेलच. काका जपानात असताना त्यांच्या तिथल्या गुरुजींनी दिलेली, तीनशे वर्षांची. (परवाना आहे, धास्ती घेऊ नकोस.) लेकीकडे पुण्याला जाताना काका घराची किल्ली आणि तलवारीची निगा माझ्यावर सोपवून गेले. मऊ कागदाने जुनं तेल पुसायचं, बारीक भुकटीची पुरचुंडी हलकेच आपटायची, परत पुसायचं, मग लवंगेच्या वासाचं नवं तेल, अगदी पुसट. पात्याला बोट लावायचं नाही. श्वाससुद्धा पडू नये म्हणून ओठांत कागद धरायचा. (सुचिता म्हणते, लग्न झाल्यापासून मी इतका वेळ गप्प कधीच बसलो नव्हतो.)

आत्या, पहिल्यांदा पातं म्यानातून काढलं तेव्हा मी ते खिडकीच्या उजेडात धरलं. धारेच्या कडेने एक धुरकट नागमोडी रेघ जाते, ओहोटीला आपल्या खाडीच्या चिखलावर पाण्याची उरते तशी. ती कुणी कोरलेली नाही, आगीतून पाण्यात जाताना पोलादातच उमटलेली. मला रडू आलं, आणि तोंडात कागद असल्यामुळे धड रडताही येईना.

मग दसऱ्याला तू आलीस. मी कौतुकाने तुला वर नेलं, पातं म्यानातून काढून ठेवलं, आणि तेलाची बाटली काढायला कपाटाकडे वळलो. तेवढ्यात तू "शस्तर हाय ना, मंग बिनपूजेचं कसं ठेवाचं?" म्हणत ओल्या अंगठ्याने पात्यावर हळदकुंकू लावलंस. मी लगेच पुसलं, पण पुढच्या खेपेला पाहतो तर तिथे तांबूस गंज, अंगठ्याच्या रेषांसकट.

काल काका परतले. तुझं नाव नको, म्हणून मी अंगठा माझाच असल्याचं सांगितलं. त्यांनी भिंगातून आधी पातं पाहिलं, मग माझा अंगठा. म्हणाले, "हरेश, ठशावर आडवा व्रण आहे. तुझ्या अंगठ्याने मोबाइलशिवाय काही केलेलं दिसत नाही." विळीवर मासळी कापताना झालेला तुझा व्रण, आत्या. सगळं सांगावं लागलं. गंज काढायला तलवार जपानला पाठवावी लागेल, आणि घासलं की पातं तेवढं झिजतंच म्हणे.

तुझा,
हरेश

ता. क. काका रागावलेले नाहीत. जन्मभर विळीचं पातं हाताळलेला हात त्यांना बघायचा आहे. रविवारी ये, तेल लावायला ते स्वतः शिकवणार आहेत. कुंकू घरी ठेव.

ता. क. २ : माझ्याकडची किल्ली मात्र त्यांनी काढून घेतली. तुला जिना चढायला आधार लागतोच, असं ठाम सांग, म्हणजे मलाही आत घेतील. ओठांत धरायचा कागद मी घरूनच आणतो.