श्वास सोडल्यावरचं माप

बाबा, मंगळवारी तू मला रजिस्टरमध्ये सापडला. ज्या व्यसनमुक्ती केंद्रात आई आणि मी तुला ऑटोत घालून नेलं होतं, तिथंच मी आता कॉम्प्युटरवर बसते. हसू नको. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं, मग मॉलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मनगटावर अत्तर फवारलं, रायपूरला जाऊन राहिली, घरोघरी फिरून सर्वे केले, आता हे. तीन महिन्यांचं काम आहे, म्हणजे माझ्यासाठी मोठाच मुक्काम. केंद्र सरकारी अनुदानावर चालतं. सोमवारी तपासणी आहे आणि त्याआधी जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये चढवायची आहेत. एक ओळ म्हणजे एक माणूस. नाव, व्यवसाय, भरती, सुट्टी, मग एक महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि शेवटचा रकाना, परिणाम. तुझी ओळ अशी आहे: एक महिना, पीत नाही. तीन महिने, पुन्हा सुरू. सहा महिने, पीत नाही. वर्ष, पीत नाही. परिणाम, सुधारला.

सुट्टी झाल्यावर चौथ्या महिन्यात तू गेला, बाबा. लिव्हर आधीच संपलं होतं, धंतोलीतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून फाईल नुसती आईच्या हातात परत दिली होती. म्हणजे या रजिस्टरच्या मते तू जिवंत होता तोवर बिघडलेला आणि मेल्यावर सुधारला. मी ती ओळ तीनदा वाचली आणि उठून जिन्यात जाऊन उभी राहिली, कारण टेबलाशी राहिली असती तर कीबोर्ड फेकला असता.

त्या ‘पुन्हा सुरू’चा राग तर मला ‘सुधारला’पेक्षाही जास्त आला. ते तीन महिने मला पाठ आहेत. जरीपटक्यात कापड दुकानाच्या ओट्यावर तुझी मशीन परत लागली होती. सुईत दोरा पहिल्याच झटक्यात जायचा, आणि गेला की तू आजूबाजूला पाहायचा, कोणी पाहिलं की नाही म्हणून. मला निळा कुर्ता शिवला, दोन खिशांचा. आई म्हणाली, पोरीच्या कुर्त्याला खिसे कायले? तू म्हणाला, “फिरस्ती आहे ते. हात कुठं ठेवन?” तो कुर्ता अजून घालते, खिसे दोनदा फाटले, दोनदा लावले, टाके मात्र तुझ्यासारखे येत नाहीत. असो, सांगत होती ते हे की त्या तीन महिन्यांत तू दोनदा प्यायला. दोनदा. आधी रोज दुपारपासून सुरू असायची तुझी. केंद्रातून फोन आला तेव्हा मी शेजारीच काज करत बसली होती. तू सरळ सांगितलं, “दोनदा झाली मॅडम. खोटं काहून बोलू?” त्यांनी लिहिलं, पुन्हा सुरू. पहिल्या झटक्यात गेलेल्या दोऱ्याला रकाना नव्हता.

तू माप कसं घ्यायचा ते मंगळवारपासून डोक्यातून जात नाही. कमरेला टेप लागला की माणूस पोट आत ओढतो. सगळेच ओढतात. पोलीस ओढतात, मास्तर ओढतात, नवरदेव तर सगळ्यात जास्त. तू टेप सैल धरायचा आणि विचारायचा, सकाळी भाजी कोणती होती? तो सांगायला लागला की त्याचा श्वास सुटायचा, पोट जागेवर यायचं, तेव्हा तू आकडा वाचायचा. मी दहावीत असताना तू बटणं आणायला गेलेला आणि एका नवरदेवाचं माप मी घेऊन टाकलं. सुंदर अक्षरात लिहूनही ठेवलं. तू आला, आकडा पाहिला, माणूस पाहिला. तो गेल्यावर म्हणाला, “पोट ओढलं होतं त्यानं, दिसलं नाही काय तुले?” मी म्हटलं, टेपवर जे आलं ते लिहिलं. “जे आलं ते लिहिलं म्हणे. आता त्या पोट ओढलेल्या माणसाची पँट शिवू काय मी? मंडपात श्वास रोखून बसन तो दिवसभर?” मग त्या नवरदेवाला परत बोलावलं. मला इतकी लाज वाटली होती की दोन दिवस ओट्यावर आली नाही.

बाबा, या केंद्रात सध्या सगळ्यांनी पोट ओढून धरलंय. नव्या चादरी आल्या. भिंतीवर हिरव्या पट्ट्यांचा तक्ता लागला, वर वर चढत जाणारा. तीन दिवसांपूर्वी भरती झालेल्या एका ऑटोवाल्या काकांचे हात थरथरतात, त्यांना सोमवारी मागच्या खोलीत बसायला सांगितलंय. चौथ्यांदा आलेल्या माणसाला ‘नवीन’ म्हणून लिहितात, कारण जुना म्हणून लिहिला तर त्याच्या आधीच्या ओळीतलं ‘सुधारला’ खोटं पडतं. चौथ्यांदा तो जिना चढून आला, हीच केवढी गोष्ट, पण ती यांना लपवायची आहे. जेवण मिळतं, गोळ्या वेळेवर मिळतात, नर्सबाई चांगल्या आहेत. तेही सांगितलं पाहिजे. पण सकाळी भाजी कोणती होती, हे कोणी कोणाला विचारत नाही.

मी रजिस्टर घेऊन सरांकडे गेली. केंद्र तेच चालवतात. हा माणूस सहा महिन्यांच्या आधीच वारला होता, म्हटलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “मेला असा ऑप्शनच नाही ना बेटा. सुधारला, पुन्हा सुरू, संपर्क नाही. तीनच आहेत.” मी म्हटलं, मग ‘संपर्क नाही’ लिहा. ते म्हणाले, ‘संपर्क नाही’ जास्त झाले की वरून पत्र येतं, मग खाटा कमी होतात, मग त्या ऑटोवाल्याला मी कुठं झोपवू? ते खोटं नव्हतं, म्हणून मला अजून राग आला. मी म्हटलं, म्हणून मेलेल्याला सुधारवता काय? ते शांतपणे म्हणाले, “मनानं नाही लिहीत आम्ही. फोन केला, घरच्यांनी उचलला, घरच्यांनी सांगितलं, पीत नाही. घरच्यांवर विश्वास नाही ठेवायचा काय?”

मी रजिस्टर मिटून उचललं. कारण घरचे म्हणजे मीच.

तू गेल्यावर तुझा फोन मी वापरत होती. रायपूरच्या बसस्टँडवर होती तेव्हा केंद्राचा सहा महिन्यांचा फोन आला. बाई कागदावरून वाचत होत्या. पेशंट घरी आहेत का? मी म्हटलं, नाही. सध्या दारू घेतात का? मी म्हटलं, नाही घेत. यात खोटं काय होतं? त्या म्हणाल्या, अरे वा, खूप छान, अभिनंदन. मला ओरडायचं होतं. पण त्यांच्या तोंडी तू ‘घेतात का’मध्ये अजून जिवंत होता, आणि आमच्याकडे सगळे तुझ्याबद्दल ‘घ्यायचा’ म्हणायला लागले होते. वर्ष पुरं झाल्यावर परत फोन आला. मी परत तेच सांगितलं. राग मी त्या बाईंवर काढते, सरांवर काढते, वरून पत्र पाठवणाऱ्यांवर काढते, आणि तो खोटा नाही. एकानंही अजून एक प्रश्न विचारला असता तर माझा श्वास सुटला असता. पण टेप लागल्या लागल्या पोट ओढलं ते मीच.

काल सरांना सांगितलं की तो माझा बाप आणि फोनवर मी होती. त्यांनी ती ओळ परत वाचली. मग म्हणाले, सोमवार होऊ दे, मग पाहू. मी थांबली नाही. रजिस्टरमध्ये तुझ्या ओळीशेजारी, शिवणकामाच्या वहीत लिहायची तशा सुंदर अक्षरात, तू गेला ती तारीख लिहिली आणि खाली सही केली. कॉम्प्युटर तारीख घेत नव्हता. तीनपैकी एक निवडल्याशिवाय पुढची ओळच उघडत नव्हती. मी ‘संपर्क नाही’वर बोट ठेवलं. तेवढंच खरं होतं. सोमवारी मला काढतील बहुतेक, तशीही मी निघालीच असती.

हे पत्र कुठं टाकायचं ते माहीत नाही, कुर्त्याच्या खिशात राहील. एक गोष्ट सरांनाही सांगितली नाही. वर्षाच्या त्या फोनवर अभिनंदन म्हणून बाई ठेवायला लागल्या, तेव्हा मी घाईघाईनं विचारलं होतं, पुढचा फोन कधी कराल? त्या म्हणाल्या, आता नाही करणार ताई, वर्ष पूर्ण झालं. आणि मी म्हटलं, एकदा करून पाहा ना, बाबांचा काही भरवसा नाही.