बिरड्याचा दोष

बाबा, मागच्या खेपेला मी तुम्हाला लिहिलं होतं की तुमच्या नातवाला कावीळ झाली, टाकीतलं पाणी वाईट होतं म्हणून. ते चूक होतं. कावीळ नव्हती आणि पाण्याचाही काही संबंध नव्हता. ते पत्र मी टाकलं नाही, टाकणार तरी कुठे, पण चुकीचं लिहून ठेवलं हे मनाला लागून राहिलंय. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "डोळे पिवळे, ते कळलं. लघवीचा रंग कसला?" कोऱ्या चहाचा, बाबा. फार उकळलेल्या कोऱ्या चहाचा. हे लिहायचं मी विसरले नव्हते. मला ते लिहवलं नाही, कारण तसला रंग मी आधी एकदाच पाहिला होता, आपल्या गावच्या घरात, तुमच्या खाटेखालच्या भांड्यात.

तुम्ही दवाखान्यात कंपाउंडर होतात आणि माझी पहिली शाळा म्हणजे त्या दवाखान्याची मागची खोली. अक्षरं मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून शिकले. अपूर्णांक शिकले ते कागदी पट्टीवरून. तुम्ही पट्टीची घडी घालायचात, कात्रीने कडेला खाच पाडायचात, उलगडली की सारख्या अंतरावर डोसांच्या खुणा, मग ती खळीने बाटलीला चिकटवायची. खळीचा आंबूस वास अजून नाकात आहे. एकदा एका कोळणीने बाटली घेताना मला विचारलं, "बरं वाटंल ना गो पोराला?" आणि मी म्हटलं, "हो, उद्या बरं वाटेल." ती गेल्यावर तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "तुला कसं ठाऊक?" मी पट्टीची खाच चाचपत राहिले. "जेवढं ठाऊक तेवढं सांगावं. पुढचं 'वाटतं' म्हणून सांगावं. हे दोन एकत्र केलंस तर विष आणि औषध एका बाटलीत भरल्यासारखं." आवाज चढवला नव्हतात. मला मात्र त्या दिवसापासून कुठलीही गोष्ट नुसती सांगता येत नाही. कारखान्यातल्या मुली हसतात. वेळ विचारली तरी मी म्हणते, घड्याळ जरा पुढे असेल बहुतेक.

आता ठाऊक असलेलं सांगते. तुम्ही गेल्यापासून आईने बिरडं केलं नव्हतं. का, ते तुम्हाला माहीत नसणार. तुम्ही हिवतापाने पडलात तेव्हा एका शुक्रवारी तुम्हीच तिच्याकडे बिरडं मागितलंत, म्हणालात तोंडाला चव नाही. तिने केलं. तुम्ही थोडं खाल्लंत. त्यानंतर तुम्ही पिवळे पडत गेलात आणि पुढच्या शनिवारचा शब्बाथ तुम्ही पाहिला नाहीत. मातीला आलेल्या बायकांपैकी एकजण दारातच म्हणाली, "तापात वाल कोण घालतं गं?" तेवढंच. आईने त्यावर कधी एक शब्द काढला नाही, पण वाल घरात पुन्हा शिजले नाहीत. गावी नाहीत, मुंबईत नाहीत, इथे यहुद्यांच्या देशात, येरुहामला येऊन इतकी वर्षं झाली तरी नाहीत. इथे ते मिळतही नव्हते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

यंदा थंडी सरताना मुलगा काही खाईना. मी दिवसभर कारखान्यात, त्याचं सगळं आई बघते. तिने दुकानात एका पोत्यात चपटे तपकिरी दाणे पाहिले. इथे त्यांना पोल म्हणतात, मोरोक्कोच्या, इजिप्तच्या बायका मूठमूठ भरून घेतात. आईने एक दाणा नखाने दाबून बघितला आणि म्हणाली, "हे वालाचे थोरले भाऊ दिसतात." मग तिने काय मनाशी ठरवलं ते मला कळलं नाही. घरी येऊन भिजत घातले, फडक्यात बांधले. इथल्या कोरड्या हवेत फडकं वाळतं, म्हणून पुन्हापुन्हा पाणी शिंपडत बसली. मोड आले. कोमट पाण्यात टाकून सोलले. शेजारीण गेल्या वर्षी मुंबईहून आली, तिच्याकडचं सुकं खोबरं वाटून घातलं. मुलाने वाटी पुसून खाल्ली आणि ओरडला, "सावता, ओद!" सावता म्हणजे आजी, ओद म्हणजे आणखी, हे आईला चांगलं कळतं, पण म्हणाली, "मराठीत माग, मग देते." तो म्हणाला, "आनखी, आजी." आई इतकी हसली, बाबा. तिने दुसरी वाटी दिली. मीही खाल्लं. मला काही झालं नाही.

दोन दिवसांनी तो मानसुद्धा धरीना. आधी मला वाटलं दमलाय. मग डोळे, मग तो रंग. बेरशेबाच्या बसमध्ये आई त्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती, एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. इस्पितळात त्याला रक्त चढवलं. डॉक्टर इराकहून आलेले, निम्मं हिब्रू, निम्मं इंग्रजी बोलणारे. त्यांनी पहिलं विचारलं, "पोल खाल्ला होता?" मी हो म्हटलं तसे ते खुर्चीत टेकले, जणू अर्धं काम झालं.

त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण हे तुम्ही गेल्यानंतर सापडलं आणि तुम्ही ते माझ्याकडून दहा वेळा वदवून घेतलं असतंत. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, ते तुम्ही शिकवलं होतंत. पण लोखंड हवेने गंजतं, तसा प्राणवायू त्या पेशीलाही खातो, म्हणून पेशीच्या आत तिला जपणारी काही द्रव्यं असतात. काही माणसांत त्यातलं एक जन्मतःच कमी असतं. एरवी काही बिघडत नाही, माणूस धडधाकट असतो. पण पोल खाल्ला, किंवा काही विशिष्ट औषधं घेतली, की पेशीवर एकदम भार पडतो आणि पेशी फुटतात. त्यांच्यातला रंग लघवीत उतरतो, उरलेल्याने डोळे पिवळे होतात. म्हणून ती यकृताची कावीळ नव्हे. मुलाला हे बापाकडून येत नाही, आईकडूनच येतं. बाईत ते लपून राहू शकतं. म्हणजे माझ्याकडून. आणि मला माझ्या आईकडून किंवा बापाकडून. मी विचारलं, दोघांपैकी कोणाकडून? ते म्हणाले, "ते मला इथे बसून कसं सांगता येईल?" तुमचंच वाक्य वाटलं.

एक गोष्ट मला अजून नीट समजलेली नाही. त्यांनी रक्त तपासलं तर त्यात ते द्रव्य पुरेसं निघालं. मी म्हटलं, मग हा आजार नाही? ते म्हणाले, आहे असंच मला वाटतं. जुन्या, कमजोर पेशी फुटून गेल्या, आता अंगात आहेत त्या नव्या आणि चढवलेल्या परक्या. नव्यांत ते द्रव्य जास्त असतं, पेशी म्हातारी होते तसं आटतं. दोन-तीन महिन्यांनी परत आणा, तेव्हा रक्त खरं बोलेल. घरी येऊन मी हे आईला सांगितलं.

"एकदा तपासलं ना? चांगलं निघालं ना? मग परत कशाला?"

"तेव्हा खरं कळलं नसेल, आई."

"आपण खरे यहुदी का ते ठरवायला रब्बी लोकांना माझ्या आजीची आजी कोण ते हवं. आता डॉक्टरांना रक्त हवं. शोधतायत काय नक्की आपल्यात?"

"हे आजाराचं आहे."

"आजाराचं म्हणून घेतील आणि हिंदुस्थानी म्हणून लिहून ठेवतील. मग लग्नाच्या वेळी काढतील बाहेर."

"तो चार वर्षांचा आहे, आई!"

"वाढायला वेळ लागतो काय? तू कालपर्यंत एवढीशी होतीस."

मी म्हटलं, डॉक्टर सांगत होते की इराकी आणि कुर्दी यहुद्यांत हे पुष्कळ सापडतं. आई तांदूळ निवडत होती, थांबली. "मग बरंच झालं की. तो कागद ने आणि रब्बीला दाखव. म्हणावं घ्या, आहोत आम्ही." मला हसू आलं. ती हसली नाही. पुन्हा खडे वेचत, ताटाकडे बघतच म्हणाली, "तेव्हाही माझंच बिरडं होतं, बाय. आताही माझंच."

त्या दिवसापासून ती मुलाला हाताने भरवत नाही. ताट वाढून सरकवते आणि दूर बसते. तो म्हणतो, सावता, तू दे, तर म्हणते, मोठा झालास आता. मुलगा वाचला तर एलियाहू हानाबी पैगंबराच्या नावाने मलिदा करीन असं ती इस्पितळात बोलली होती, तो येत्या गुरुवारी संध्याकाळी आहे. बायका जमतील, पोह्यांत गूळ-खोबरं कालवायचं, सगळ्यांना द्यायचं. आपल्याकडे हे तिच्याइतकं चांगलं कोणालाच जमत नाही. तिने शेजारणीला सांगून ठेवलंय, पोहे तू कालव, माझ्या हातचं नको.

म्हणून मी शेजारणीने मुंबईहून बियाण्याला आणलेल्यातले चार वाल रुमालात बांधून पुन्हा बेरशेबाला गेले. डॉक्टरांनी ते तळहातावर फिरवून बघितले. "हा पोल नाही. झाड वेगळं. याच्याबद्दल मी कुठे काही वाचलेलं नाही." मी विचारलं, म्हणजे वालाने होत नाही? ते म्हणाले, "होतं असं माहीत नाही." बाबा, या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते तुम्हाला कळेल, आईला कळणार नाही. मग मी तुमच्याबद्दल सांगितलं. हिवतापासाठी दवाखान्यात नव्या आलेल्या गोळ्या तुम्ही स्वतःच्या हाताने मोजून घेत होतात. कुठल्या होत्या ते मला ठाऊक नाही, बाटलीवरचं नाव मी वाचलं असेल, ते आठवत नाही आणि आठवत नाही म्हणून मी स्वतःवर चिडते. ते म्हणाले, हिवतापाच्या काही गोळ्या अशा रक्ताच्या माणसाला बाधतात, या आजाराचा माग त्यावरूनच लागला. तुमचे वडील त्यातले असू शकतील. पण नुसत्या हिवतापानेही लघवी काळी होते. आता कोणालाच सांगता येणार नाही.

मी गोंधळले आहे. गोळीने झालं असेल तर आई सुटते. पण मग ज्या गोळीवर तुमचा सगळा विश्वास होता, तिनेच, आणि तुमच्याच हाताने. हे तुमच्याबद्दल बोलायला माझी जीभ वळत नाही. आणि पोलाचं काय? तो तिच्या हातचा होता, ते खोटं नाही. पण तो कोणाच्याही हातचा असता तरी तेच झालं असतं, आणि रक्त माझ्याकडून आलेलं. तिला हे सांगितलंच नाही तर मी कारखान्यात असताना ती एखाद्या तापाला कुठलीशी गोळी देईल. अर्धंच सांगावं तर ती एवढंच ऐकेल की दाण्याने झालं. "कदाचित" म्हटलं की ती त्या शब्दाला धरून बसेल, जन्मभर. मी तिला ओळखते.

तेव्हा मी असं करणार आहे. मुलाने पोल कधी खायचा नाही, डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी नाही, रक्त पुन्हा तपासायचं, हे सगळं जसं आहे तसं सांगीन. आणि तुमच्याबद्दल सांगीन की बिरड्याने काही झालं नव्हतं, ती गोळी होती, डॉक्टरांनी तसं सांगितलं. "वाटतं" हा शब्द मी घालणार नाही. मला खात्री नाही, बाबा, हे तुम्हाला इथेच सांगून ठेवते. आईला सांगीन गुरुवारी, पोहे भिजवायच्या आधी.