दौंडच्या मोटारीची पायरी

शिरूर,
ता. १५ फेब्रुवारी १९५६

प्रिय दबोराताई,

तुला आणि दाजींना सलाम. अकरा महिन्यांनी लिहितो आहे. आधी सगळं पाटीवर लिहून, तपासून मग कागदावर उतरवतो. पाचवीतून शाळा सुटली तरी ती सवय काही सुटली नाही.

माझी तब्येत बरी आहे. हातमशीन चांगलं चालतं. नाताळात देवळाचे पडदे मीच शिवले. पाळकसाहेबांनी भर उपासनेत नाव घेतलं, तेव्हा कुबड्या कुठे ठेवाव्यात हेच मला सुचेना.

आता मार्चातलं लिहितो. बाबा तुझ्या घरी वारले त्याची तार मला सकाळी साडेआठला मिळाली. माती संध्याकाळी पाचला होती. मी आलो नाही. पुढे तू लिहिलंस, की मेलेल्या माणसावर कसला राग धरतोस? त्याच्या आदल्याच महिन्यात बाबा मला तिकडे न्यायला आले होते आणि मी त्यांना म्हणालो होतो, की मला कुणाच्या ओसरीवर बसून खायचं नाही. तेव्हा तुला तसं वाटणं बरोबरच होतं. मीही ते तसंच वाटू दिलं.

पण ताई, मी नवाच्या आधीच स्टँडवर पोचलो होतो. पहिली मोटार दारापर्यंत भरलेली होती. दुसरीच्या दांडीला माझा हात लागला होता; कंडक्टरने मागे न बघताच घंटी मारली. त्या मोटारीची पायरी तुला आठवते का? धडधाकट माणसालाही पाय चांगला उचलावा लागतो. माझे पाय तर त्या लहानपणच्या तापापासून इतके वर येतच नाहीत. तिसरी मोटार दीडला आली. भिमाजी हमाल तिथेच होता. म्हणाला, “चला मास्तर, मी हाय ना. फुलावानी उचलून आत ठिवतो.” आणि मी नको म्हणालो.

तू दौंडला नांदायला गेल्यावरची गोष्ट आहे. दोघा जणांनी मला असंच उचललं होतं. नाडी सुटली, विजार घोट्यापर्यंत आली, सगळा स्टँड हसला. ज्यांची विजार मीच शिवली होती तेही हसले. त्या दिवशी दीड वाजता मला तेच आठवलं. भिमाजी चांगला माणूस आहे. मी हो म्हणालो असतो तर बाबांचं तोंड बघायला मिळालं असतं. मोटार गेली आणि मी घरी येऊन दार लावून घेतलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर एकदा मोटार उभी असताना मी गळ्यातली टेप काढून तिची पायरी मोजली. कंडक्टर ओरडला, “काय मास्तर, आता मोटारीला बी परकर शिवता का काय?” मी मान खाली घालून आकडा लिहून घेतला. त्या मापाच्या निम्म्या उंचीचं स्टूल रखमाजी सुताराकडून करून घेतलं. पहिल्या दिवशी कुबड्या टेकत व्यवस्थित चढलो, जागेवर बसलो आणि खिडकीतून बघतो तर स्टूल खालीच! उतरायचं कशावर? घाबरून, मोटार हलायच्या आत थांबवली आणि त्याच स्टुलावर परत उतरलो. आता त्याला दोरी बांधली आहे. विहिरीतून कळशी ओढावी तसं मी ते वर ओढून घेतो. कंडक्टर म्हणाला, “ह्याचं लगेज तिकीट काढा.” तेव्हा भाजीवाल्या सोजराबाई त्याच्यावर धावून गेल्या, “माज्या गुडघ्यांचं बी काढ मग! दोन वर्सं झाली, लेकीकडं जायाचं म्हनते आन् ही पायरी बघून माघारी फिरते.” त्या स्टुलावरून चढल्या. त्यांच्यामागून एक दिवस भरलेली बाई चढली. हल्ली मी गेलो नाही तरी कुणी ना कुणी स्टूल मागायला दुकानावर येतंच. मला वाटत होतं, स्टँडवर मागे राहणारा मी एकटाच आहे.

दौंडच्या वाटेवरच्या न्हावऱ्यापर्यंत दोनदा जाऊन आलो. एक अडचण मात्र उरली आहे. जमीन सारखी नसली की स्टूल डुगडुगतं. शिरूरला सोजराबाई ते धरतात, न्हावऱ्याला चहावाला धरतो. दौंडला माझ्या ओळखीचं तुझ्याशिवाय कुणी नाही.

मी पुढच्या शनिवारी, ता. २५ ला, सकाळच्या मोटारीने निघतो आहे. मला बाबांच्या कबरेवर जायचं आहे. दाजींना आणू नकोस, ते प्रेमाने मला उचलायला जातील. तू एकटी स्टँडवर ये. मी दोरीने स्टूल खाली सोडीन. मला हात देऊ नकोस, ताई. तुझा राग अजून गेला नसेल तर माझ्याकडे बघूही नकोस. फक्त मी खाली येईपर्यंत ते स्टूल घट्ट धर.

तुझाच,
येशुदास