बाकावरची दुसरी गोलकीपर

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझी चूक झाली. सरावातले दोन्ही गोल फार्मसी कॉलेजच्या त्या स्ट्रायकरने केले असं मी लिहिलं. दुसरा तिचा नव्हता, आमच्या दुसऱ्या गोलकीपरचा होता. एक जण कमी होती म्हणून मीच तिला पुढे उभं केलं आणि नंतर विसरले. तू माझ्या शब्दावर फार्मसीवालीला ताईच्या जागी पक्कं धरशील, म्हणून लगेच कळवते.

ताईचा गुडघा अजून सुजतो. अंतिम सामन्यात अर्ध्या तासाहून जास्त खेळली तर शस्त्रक्रिया करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ती म्हणते, माझ्या जागी कोण ते दाखव, मग बसते. प्रशिक्षक म्हणून संघ पहिल्यांदाच माझ्या हाती, आणि दाखवायला कोणी नाही. चांगली स्ट्रायकर बाकावर बसत नाही, आणि बसते ती उतरेपर्यंत थंड पडते. फार्मसीवाली तर उशिरा उतरवली की सामनाभर रुसते.

आईला गुडघ्याचं कळवू नकोस. माया असू दे.

तुझी भाची

८ मार्च

चि. धास्तीबाईस,
अनेक आशीर्वाद.

जिला शोधत होतीस तिलाच विसरलीस, वाचून हसलो. अगं, मी जन्मभर गोलात उभा राहिलो. चेंडू कुठे आलेला नको असतो, हे गोलकीपरइतकं कोणाला ठाऊक? तुमच्या घरात दोन खुर्च्यांमध्ये मी उभा राहायचो, तेव्हा मी कुठे वाकायला कंटाळतो ते तू लगेच हेरलं होतंस. आणि बाकावर बसायची त्या मुलीला सवयच आहे. तिथून ती काय बघते, एवढं विचार.

मामी विचारते, ताई तुझं कधीपासून ऐकायला लागली?

पत्राची वाट बघणारा,
मामा

१२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

विचारलं. म्हणाली, समोरची गोलकीपर डावीकडचा खालचा चेंडू पायानेच अडवते, आणि दमली की पुढे सरकते. साखळी सामन्यात बाकावरून पाहिलं होतं म्हणे. आधी का नाही बोललीस, तर म्हणाली, मला कोण विचारतंय.

काल सरावात तिला शेवटी उतरवलं. दोन गोल. दोन्ही तिचेच, या वेळी चौघींना विचारून लिहिते आहे. ताई कडेला उभी होती. घरी येताना त्या मुलीला पायाची ठेवण कशी हवी ते सांगत होती.

मामीला सांग, ताई माझं ऐकत नाही, पण मी तरी तिला कधी ठणकावून सांगितलंय? अर्ध्या तासाला बाहेर यायचं, हे आता सांगणार. तिच्या खोलीत जाऊन, दार लावून.

नमस्कार दोघांना, आणि लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी भाची

ता. क. सामना रविवारी आहे. ताईला सांगणार शुक्रवारी, १४ मार्चला.