टोचण्याआधीचे रक्त

मी, चंद्रकांता खंडेराव मेहेर, वय ५२, राहणार सातपाटी, तालुका पालघर, पोटातल्या गाठीने अंथरुणाला खिळले असले तरी माझे डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली नव्हे, रागाने लिहिते आहे.

१. माझे घर बहीण साखरबाई हिचा मुलगा चिंतू याला. चाकांची खुर्ची आत जाईल इतका दरवाजा आधी रुंद करून घ्यावा.

२. बोईसरच्या प्रयोगशाळेत मी अठरा वर्षे ससे सांभाळले. स्नायूंच्या पेशींना आतून धरून ठेवणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन सशाला टोचायचे, आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे माणसाच्या स्नायूच्या कापावर लावायची. निरोगी स्नायूच्या कडा हिरव्या चमकतात, स्नायू झिजण्याचा आजार असलेल्या मुलाच्या काळ्याच राहतात. त्याच सशाचे टोचण्याआधीचे रक्तही लावून पाहायचे असते. ते चमकता कामा नये; चमकले तर तपासणीच खोटी. आमचे प्रमुख डॉ. नरहरी गोवंडे यांनी घाईपायी ते कधी लावलेच नाही. १९९० साली चिंतूचा स्नायू चमकलेला पाहून ते म्हणाले, "आजार नाही, मुलगा आळशी आहे." मीही साखरला सांगितले, "लाड नको करू, चालव त्याला." तिने त्याला काठी दाखवून जिना चढवला. काठी लागलीही.

३. दोन वर्षांनी चिंतूचे पाय गेले. तेव्हा मी जपून ठेवलेले टोचण्याआधीचे रक्त त्याच्याच कापावर लावले. तेही चमकले. तो ससा मुळातच तसा होता; त्याच्या रक्ताने आजारी स्नायूही चमकायचा. मी दाखवायला गेले तर गोवंडे म्हणाले, "बाई, तुम्ही पिंजरे झाडा." त्याच सशाच्या रक्तावर एकतीस घरांना 'आजार नाही' असे कळवले आहे. या आजाराला औषध नाही, पण मार तरी वाचला असता. नोकरीपायी मी गप्प बसले.

४. त्या रक्ताची कुपी, काचपट्ट्या आणि माझी वही, या कामासाठी गोवंडे यांना पदक देणाऱ्या संस्थेकडे पाठवावी. खुद्द गोवंडे यांना पिंजरे झाडायचा माझा खराटा ठेवते आहे. तो चार लोकांत द्यावा.

५. ~~एकतीस घरांना लिहिलेली पत्रे माझ्या मृत्यूनंतर टपालात टाकावीत.~~

हे कलम रद्द. मसुदा वाचून दाखवल्यावर साखर म्हणाली, "तू मरशील तवा मरशील. तवर ती पोरं मार खातील नाय?"

पत्रे आज सकाळी साखरच्या हातून टपालात टाकली. गोवंडे जाब विचारायला आले, तर मी अजून घरीच आहे.

सातपाटी, १४ नोव्हेंबर १९९४
सही: चंद्रकांता खंडेराव मेहेर

साक्षीदार:
वामन महादू तरे (सही)
साखरबाई (डाव्या हाताचा अंगठा, सर्व कलमे ऐकून)