देवळापाशी लावलेली स्कूटर

बाबा, वसईपासून विरारपर्यंत झाडाखाली टेबलं मांडून बिअर देणाऱ्या जागा तुमच्याइतक्या कुणाला ठाऊक होत्या? आज तुम्ही हवे होतात. तुमचा धाकटा सकाळी "डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून येतो" म्हणून निघाला, तो दुपार झाली तरी आला नाही. रिपोर्ट त्याच्या बायकोला उशीखाली सापडले. लिव्हर पार गेलंय, यापुढे एक थेंबही नको, असं डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात तिच्यासमोरच बजावलंय. तिने मला फोन केला आणि नुसती रडत राहिली.

मी रिक्षा केली आणि मोबाइलवर 'जवळचे बिअर गार्डन' असं शोधलं. पन्नाशीची बाई, हातात भाजीची पिशवी आणि शोधतेय काय! कळंबला सुरूच्या झाडांत दोन बार बघितले, मग होळी बाजाराकडचा एक. बाहेर त्याची स्कूटर आहे का बघायचं, गल्ल्यावर त्याचा फोटो दाखवायचा आणि पुढे जायचं. एका ठिकाणी म्हातारा मालक म्हणाला, "नाय गो बाय, इथे नाय आला तो. बस जरा, पानी तरी पी." मी तशीच रिक्षेत जाऊन बसले. शेवटच्या महिन्यातले तुमचे पिवळे डोळे सारखे समोर येत होते.

मग एकदम आठवलं. तुम्ही बारसमोर स्कूटर कधी लावलीच नाही. निर्मळला देवळापाशी लावायचात, ओळखीच्यांना वाटावं दर्शनाला आलेत, आणि केळीच्या वाडीतून पायवाटेने मागून आत शिरायचात. तेव्हा आपण तिथेच जवळ भाड्याने राहायचो. मी नऊ वर्षांची. आई म्हणते, "जा, बघून ये कुठे बसलेत." मी सायकल दामटत येते, तर तुम्ही आंब्याखाली मोठमोठ्याने हसताय. घरी तुम्ही असे कधीच हसला नाहीत. मला मसाला पापड मागवता आणि सांगता, "आईला म्हणावं, दिसले नाहीत." मी तसंच सांगते. एकदा नाही, कितीदा तरी.

आज देवळापाशी त्याची स्कूटर उभी होती, तुमच्याच जागी. ही युक्ती त्याला मीच सांगितली होती, तुमच्या वर्षश्राद्धानंतर, तुमच्या गमती सांगता सांगता. पोट धरधरून हसलो होतो दोघं. पायवाटेने धावले, चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. तो आंब्याखाली बसला होता. मी ग्लास काढून घेतला तेव्हा म्हणाला, "ताई, घरी सांगू नको हं." रिक्षेत त्याला रक्ताची उलटी झाली.

आता तो आत आहे आणि मी दवाखान्याच्या बाकावर त्याच्या बायकोने आणलेल्या रिपोर्टच्या पाकिटावर हे लिहितेय. डॉक्टर अजून बाहेर आलेले नाहीत. तुम्ही गेलात तसं त्यालाही नेऊ नका, हात जोडते. पाकीट मी पर्समध्येच दडवणार आहे, कारण त्याची बायको शेजारी बसलीये आणि तिला एक गोष्ट सांगायची माझी छाती नाही. "ताई, दिसले का हे?" असा तिचा फोन आला, तेव्हा मी केळीच्या आड उभी होते. "नाही दिसला," म्हटलं आणि तिथेच थांबले. बराच वेळ. तो हसत हसत ग्लास भरत होता, बाबा, आणि ते हसणं हुबेहूब तुमचं होतं. मी ऐकत राहिले.