तुझ्या पाच महिन्यांचा दर

नागाव,
रविवार दुपार

प्रिय तेजू,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळी खूण येते आणि पुढे काहीच येत नाही. म्हणून कागद घेऊन बसले. हे पत्र केसरकाकींच्या हाती देणार आहे. स्वतःच्या आईकडून आलेलं तू न वाचता फाडणार नाहीस, एवढा भरवसा आहे. माणगावात कुरिअरच्या ऑफिसात तुझं बरं चाललंय असं त्याच म्हणाल्या. आत्याकडे राहतेस ना? तिच्या हातचं जेवून जरा अंगानं भरली असशील तर बरं.

आमच्या होमस्टेच्या चारही खोल्या भरल्यात. आई सकाळपासून घावन घालतेय, बाबा पाहुण्यांना बीचवर सोडायला गेलेत आणि मी माडांच्या सावलीत हे लिहितेय. आपण दोघी एकाच दिवशी आमदार मॅडमच्या अलिबागच्या कार्यालयात लागलो होतो, आठवतं? पीए निकेत म्हणाला होता, "पगार नाही, पण शिकायला मिळेल. शेवटी मॅडमच्या सहीचं प्रमाणपत्र." आपण दोघींनी एकदमच मान हलवली. तेव्हा मला वाटलं, आपण सारख्याच. मी घरून जेवून स्कूटरवर वीस मिनिटांत पोचायचे. तू काशीदहून पहिली एसटी पकडायचीस, संध्याकाळी परत जाऊन मुलांच्या शिकवण्या घ्यायचीस. दुपारी डबा उघडला की तू म्हणायचीस, "मला भूक नाही गं." मी ते पाच महिने खरं मानत राहिले, तेजू. एकदाही विचारलं नाही की रोज कुणाला भूक कशी नसते.

कोळंबी सोलायच्या शेडमधल्या बायकांची माहिती काढायचं काम निघालं तेव्हा निकेतनं मला छापील फॉर्म दिले होते. मी दोन दिवस फिरले आणि कोरे फॉर्म घेऊन आले, कारण मालक समोर उभा असताना कुणी तोंड उघडेना. तू फॉर्म नेलेच नाहीस. शेडमध्ये काकींबरोबर पाटावर बसलीस, बर्फातली कोळंबी सोलत राहिलीस, आणि बायका आपसूक बोलायला लागल्या. किती तास बसतात, टोपलीमागे काय मिळतं, बोटं बधिर झाली की काय करतात, आजारी पडल्या की काय होतं. बेचाळीस बायकांचं तू वहीत उतरवलंस. मी फक्त ते टाइप केलं.

आणि मग बिनपगारी परवडत नाही म्हणून तू काम सोडून माणगावला निघालीस. एसटी स्टँडवर मी तुला सोडायला आले आणि काय बोलले, ते तू विसरली नसणार. "राजकारणात इतक्या लवकर पैशाचं बघून चालत नाही गं. चिकाटी लागते." तू गाडीत चढलीस. मला वाटलं, मी काहीतरी शहाणपणाचं बोलले.

अधिवेशनात मॅडमनी किमान वेतनावर लक्षवेधी मांडली, तो व्हिडिओ तू पाहिला असशीलच. शेडमालकांचं म्हणणं होतं, या बायका कामगार नाहीतच, घरच्यासारख्या आहेत, सवडीनं मदतीला येतात. किमान वेतन लावलं तर शेडच बंद पडतील. मॅडमनी त्याला तुझ्या वहीतल्या एकेका बाईची गोष्ट सांगून उत्तर दिलं. बाहेर पत्रकारांना वाटलेल्या टिपणाखाली नाव मात्र माझं होतं. निकेतनं टाकलं होतं, मी नाही. पण मी ते काढायलाही सांगितलं नाही. आईनं ते टिपण शेजारणींना दाखवलं, मी बघत राहिले.

गेल्या महिन्यात मॅडमची काशीदला शाळेच्या हॉलमध्ये बायकांशी भेट ठेवली होती. हार झाले, भाषण झालं. मग केसरकाकी उठल्या. मला वाटलं, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "बाय, तुमी आमच्यासाठी बोललाव, बरा केलाव. आता एक सांगा. माजी पोर तुमच्या हापिसात पाच महिने राबली. तिचा दर काय व्हता?"

निकेत घाईनं म्हणाला, "काकी, ती शिकत होती. आमच्याकडची मुलं म्हणजे घरचीच असतात." काकी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "शेडमदी नवी बाय येते ती पण शिकतच आस्ते. आनी घरच्यासारखी तर आमाला मालक बी म्हनतो."

बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. निकेतनं माइक माझ्या हातात दिला आणि बायकांना म्हणाला, "नेत्रा पण बिनपगारीच आहे. विचारा तिला, तिची काही तक्रार आहे का?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "माझी तक्रार नाही, कारण आमचा होमस्टे आहे. मला घरून जेवण मिळतं, स्कूटरला पेट्रोल मिळतं. तेजस्वीला ते नव्हतं. आणि मॅडम अधिवेशनात जे बोलल्या ते सगळं तेजस्वीनं गोळा केलेलं आहे. त्याखालचं माझं नाव चुकीचं आहे."

परतताना गाडीत रेवदंड्याजवळ मॅडमनी एवढंच विचारलं, "ती तुझ्यापेक्षा हुशार होती?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग मला हे आधी का नाही सांगितलंस?"

पंधरा दिवसांनी मॅडमनी कार्यालयात एक पगारी जागा काढली. पगार फार नाही, किमान वेतनाइतकाच. निकेत म्हणाला, कार्यालयाला एवढंच झेपतं, यापुढे दोघांऐवजी एकच मुलगा किंवा मुलगी घेता येईल. म्हणजे शेडमालकांचं गणित अगदीच खोटं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तरी ते बरोबर नव्हतं, हेही कळलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ती जागा मॅडमनी आधी मला देऊ केली आणि मी हो म्हटलं. तीन दिवस मी हो म्हणूनच वावरले. घरी पेढे आले. चौथ्या दिवशी नेमणुकीच्या कागदावर सही करायला बसले आणि माझ्याच्यानं होईना. मी मॅडमना म्हटलं, तेजस्वीला न विचारता ही जागा भरू नका. त्या म्हणाल्या, उपकार म्हणून देणार नाही, मुलाखत होईल, आणखी चौघं आहेत. येत्या शुक्रवारी अकरा वाजता. मी त्यात नाही. तू यावंस असं मला फार वाटतं. नाही आलीस तरी मी समजेन. पण या वेळी तुझं न येणं तुला नको म्हणून असू दे, परवडत नाही म्हणून नको. स्टँडवर मी जे बोलले त्याबद्दल मला माफ कर. चिकाटी तुझ्यातच होती. माझ्याकडे नुसतं घरचं जेवण होतं.

तुझीच,
नेत्रा